जाऊबाईंच्या बादलीतले दोन मासे

मंडळी, सकाळपासून जीव नुसता जळतोय, खोटं कशाला बोलू?

मी शनवारा मोहल्ल्यातल्या घरी काचेच्या टाकीत मासे वाढवते. जेवढ्या पिल्लांना चांगलं घर मिळेल, तेवढीच होऊ देते. त्याचं कौतुक कुणाला?

आज मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या टाकीतले काच साफ करणारे दोन मासे, टाकीत मावेनात म्हणून, राजघाटावर तापीत सोडले. तेही हळदकुंकू वाहून! घाटावरच्या बाया हात जोडून उभ्या. व्हिडिओसुद्धा काढला.

मासे पाण्यात गेल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, हे परदेशी मासे आहेत. नदीत वाढले तर आपल्या माशांचं खाणं खातील, काठ पोखरतील."

त्या हसल्या. "जाने दे ना गं! मुक्या जिवांना मोकळं केलं, पुण्यच लागेल."

बायाही त्यांच्याच बाजूने.

आता खरं सांगते. त्या घरी तापीत सोडायला मासे बादलीत घेत होत्या तेव्हा मी शेजारीच उभी होते. तिथेच बोलले असते, तर मासे नदीत गेलेच नसते. पण मला त्यांना चारचौघींत खाली पाहायला लावायचं होतं.

तुम्हीच सांगा, तापीत ते मासे सोडले कुणी?