तालुका चुकीचा आहे, साहेब

मला भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासूनची खोड. मास्तरांनी छडी उगारली की मी हसायची आणि आणखी दोन खायची. त्यामुळे मुलाखतीला निघताना थोरल्या बहिणीनं मला उंबऱ्यात धरलं आणि बजावलं, "तिथं दात काढू नगंस. साहेबलोकास्नी वाटंल, पोरगी येडी हाय."

"आणि हसू आलंच तर?"

"तर जीभ चाव."

बहीण सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. दाजी फौजेत होते. तिच्या बाळंतपणाला म्हणून मी वडूजहून आले होते, त्याला आता वर्ष होत आलं होतं. बाळ भिंतीला धरून चालायला लागलं आणि घरून निरोप आला, सोमवारी भाऊ न्यायला येतोय. घरी गेल्यावर काय, ते मला ठाऊक होतं. दुष्काळाच्या साली शाळा सोडून मी खडी फोडायला गेले होते. आठवी पास झालेली, नववी अर्धी. पाऊस आला तरी शाळा काही परत आली नाही. मला सांगलीतच राहायचं होतं, आणि ते कुणाच्या घरात आयतं बसून नव्हे.

गल्लीच्या टोकाला टायपिंगचा क्लास होता. सकाळी क्लास उघडायचा, झाडायचा, मशीनी पुसायच्या आणि त्याच्या बदल्यात शिकायचं, असं मी तिथल्या सरांशी ठरवलं होतं. इंग्रजी मला कळत नसे. अक्षरं ओळखीची होती. समोरच्या कागदावर जे अक्षर, तेच बोटाखाली. त्याचा अर्थ काय, हा विचार करायला वेळच नव्हता. सर म्हणायचे, "तू टाइप करत नाहीस, तू नक्कल करतेस. पण बरोबर करतेस." त्यांनीच सांगितलं, की एका मोठ्या कचेरीत पंचिंग मशीनी आल्यात, त्यांना ऑपरेटर हव्यात. कॉम्प्युटरला लागणारी कार्डं तिथं तयार होतात.

"सर, मॅट्रिक पायजे म्हणत्यात."

"जा तर खरं. नाही म्हणायचं काम त्यांचं आहे, तू कशाला करतेस?"

आम्ही अकराजणी होतो. सगळ्या मॅट्रिक, दोघी कॉलेजच्या. मी बहिणीची लग्नातली साडी नेसले होते आणि ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून निऱ्या पोटाशी कोंबून कोंबून मला पोट सुटल्यासारखं दिसत होतं. शेजारची मुलगी माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "कितवा महिना?" झालं. मी जीभ चावली, ओठ चावले, शेवटी पदर तोंडात कोंबला. ती पण हसायला लागली. दारातला शिपाई म्हणाला, "आवं बायांनो, हितं परीक्षा हाय, हळदीकुंकू न्हाई."

मशीनच्या खोलीत काचेचं दार, थंड हवा आणि चपला बाहेर. मुंबईहून आलेले एक साहेब, तिथले एक म्हातारे हेडक्लार्क आणि मशीनवर बसणाऱ्या एक बाई. साहेबांनी समजावलं: कागदावर इंग्रजी अक्षरांत नाव, गाव, तालुका आणि आकडे आहेत. एकेका ओळीचं एकेक कार्ड. कळ दाबली की कार्डाला भोक पडतं. नंतर बाई तेच कार्ड दुसऱ्या मशीनवर घालून, तोच कागद बघून पुन्हा कळा दाबणार. जुळलं तर कार्डाच्या कडेला खाच पडणार, नाही जुळलं तर लाल दिवा.

"नियम एकच," साहेब म्हणाले. "कागदावर जसं आहे तसं. आपली अक्कल चालवायची नाही."

हे ऐकून मला केवढं बरं वाटलं! जगात एक तरी नोकरी अशी होती, जिथं माझी अक्कल कुणाला नको होती.

अर्धा तास सराव दिला. अक्षरं टायपिंगसारखीच, पण आकडे निराळे, उजव्या हाताच्या अक्षरांच्या कळांवरच बसवलेले. सगळ्याजणींची त्रेधा उडाली. अकरा बायकांची बोटं आणि पाळीपाळीनं दोन मशीनी. आवाज म्हणजे तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. मला वाटलं, बोटांना पंख फुटलेत. भीती आणि आनंद एकदमच डोक्यात चढला.

परीक्षेत वीस कार्डं होती. सतरा झाली, अठरावं घेतलं. गाव आलं: वडूज. इतका वेळ मी अक्षरंच बघत होते. पण आपलं गाव नुसत्या अक्षरांसारखं कसं दिसेल? पुढं तालुका लिहिला होता, कोरेगाव. माझा हात थांबला. आणि मग, देवाशपथ सांगते, मी विचार न करता खटाव मारून टाकलं.

बाईंनी माझी कार्डं तपासायला घेतली. खाच, खाच, खाच. इतरजणींच्या वेळी दिवा दिवाळीसारखा लागत होता. माझी सतरा बिनदिव्याची गेली. अठराव्याला लाल, पुढच्या दोन्हींना पुन्हा खाच.

साहेबांनी कार्ड उचललं. "हे खटाव कुठून आणलंत?"

"तालुका चुकीचा हाय, साहेब."

"मी स्वतः तयार केलाय हा कागद."

"आवं पण वडूजला मामलेदार कचेरी हाय. खटाव तालुक्याचा सगळा कारभार तिथनं चालतो. आमी कोरेगावला कशाला जाऊ?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं. जीभ चावायची राहूनच गेली.

हेडक्लार्क खाली बघत म्हणाले, "पोरगी म्हणती ते खरं हाय, साहेब. तुमी तालुक्याचंच गाव उचलून शेजाऱ्याच्या पदरात घातलंय."

साहेबांचे कान लाल झाले. "पण नियम काय सांगितला होता?"

"जसं हाय तसं."

"मग?"

"चुकलं माझं," मी म्हणाले, आणि हसू एकदम सरलं. सोमवारची एसटी दिसायला लागली. "साहेब, आणखी एक. मी मॅट्रिक न्हाई. आठवी पास हाय. इंग्रजी मला कळत न्हाई."

"कळत नाही? मग ही एकोणीस कार्डं?"

"नुसती अक्षरं बघितली."

साहेबांनी कार्ड बोटांत फिरवलं आणि विचारलं, "उद्या पुन्हा असं चुकीचं काही दिसलं, तर काय कराल?"

हे उत्तर मला कुणी पढवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "कागद बाजूला ठेवीन. आधी इचारीन, मग मारीन. पण दिसलं न्हाई असं म्हणणार न्हाई."

हेडक्लार्क पुटपुटले, "साहेब, मॅट्रिकची अट हाय जाहिरातीत."

"अट चुका होऊ नयेत म्हणून आहे ना? इथं मॅट्रिकवाल्यांनी दिवे किती लावले ते बघितलंत तुम्ही." साहेब माझ्याकडं वळले. "तीन महिने बघू. सोमवारी आठला या."

मी हात जोडले ते आधी त्यांना, मग हेडक्लार्कना, मग बाईंना, आणि गडबडीत मशीनलाही. बाई म्हणाल्या, "अगं पुरे, ती काय देवी आहे?" पण मला त्या घटकेला ती होतीच. आज इतक्या वर्षांनीही मला तसं वाटतं.

सोमवारी भाऊ आला तेव्हा मी घरी नव्हते. बहिणीनं त्याला कचेरीचा पत्ता दिला. तो काचेबाहेर पटका सावरत उभा राहिला. मी त्याला बघितलं, पण हात थांबवले नाहीत. ओळ अर्धी होती. मधल्या सुट्टीत बाहेर गेले, तोवर तो निघून गेला होता. शिपाई म्हणाला, "तुझा भाऊ व्हय? इचारत होता, ही दिवसभर काय करती म्हणून."

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्हणलं, कागदावरचं बघून भोकं पाडती. तर म्हणाला, ह्यासाठी लोकं नोकरी देत्यात? लय भारी शहर हाय गड्या हे."

तो दुपारच्या गाडीनं एकटाच परत गेला. जाताना माझ्यासाठी आणलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा शिपायाकडं ठेवून गेला होता. मशीनवरच्या आम्ही दोघी-तिघींनी ती उभ्याउभ्याच खाल्ली, आणि घंटा झाली तशी मी तिखट बोटं साबणानं दोनदा धुऊन आत गेले.