धाकट्याची पाठ

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याच्याकडे काही मागावं इतकी जवळीक उरली नव्हती. पाच-सहा वर्षं माझी पाठ दुखत होती. मी रत्नागिरीच्या कचेरीत नक्कलनवीस. दिवसभर मान खाली घालून लोकांच्या भांडणांचे कागद उतरवायचे, तेव्हा पाठ दुखणारच, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणे. वैद्यांचे काढे झाले, निर्गुडीचा शेक झाला, बायकोने तेल चोळून चोळून स्वतःचे हात दुखवून घेतले. पुढे पुढे सकाळी उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग भिंत धरायची. नोकरी सुटणार हे दिसत होतं, आणि त्या काळजीने पाठ आणखीच धरायची.

एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, "हाडाला काही झालेलं नाही. दुखतं ते खरंच दुखतं, तुम्ही सोंग करत नाही. पण बसलात तेव्हापासून दात आवळून बसला आहात. कुणावर रागावलात एवढे?" मला त्यांचाच राग आला. औषध मागायला जावं तर हा गृहस्थ घरातल्या चौकशा करतो! तणतणत घरी आलो. आज वाटतं, त्या प्रश्नाला तिथेच खरं उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा दादा जिवंत होता.

दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर मांडवीकडच्या वाटेवरल्या आमच्या घराची वाटणी झाली आणि अंगणाचे दोन भाग करणारा चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. त्याचंही मला फारसं वाटलं नाही. पण शिमग्याला ग्रामदेवाची पालखी आली, तेव्हा मी माझ्या अंगणात रांगोळी घालून, नारळ घेऊन उभा होतो. पालखी दादाकडे बसली, नाचली, आणि माझ्या दारावरून तशीच पुढे गेली. मान थोरल्याचा, देव एका घरच्या एकाच अंगणात बसायचा, असं दादाने मानकऱ्यांना सांगितलं होतं म्हणे. सगळी आळी बघत होती. नारळ घेऊन मी आत आलो आणि दादाशी बोलणं टाकलं. त्यानंतर दर शिमग्याला पालखीच्या दिवशी मी दार लावून बंदरावर जाऊन बसत असे, आणि दादाचं नाव घरीदारी कुणाला काढू देत नसे. पाठ त्याच उन्हाळ्यात दुखू लागली. हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही, किंवा सुचू दिला नाही.

मग दादा कामानिमित्त आगबोटीने मुंबईस गेला आणि तिथे तापाने गेला. तार आली. सगळं तिकडेच उरकलं होतं, मला त्याला खांदासुद्धा देता आला नाही. बायको रडली, मी रडलो नाही. पाठ मात्र अशी आखडली की चार दिवस कचेरीत जाता आलं नाही.

त्याला वर्ष उलटून गेलं; मधला शिमगा दुखवट्यातच गेला. पुन्हा शिमगा आला. मी बंदराकडे निघालो होतो, तोच गडग्यापलीकडून वहिनींनी हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "भावोजी, पालखी येत्येय. पुढे नारळ ठेवायला घरचा पुरुष नाही. याल काय?" विधवा बाईने तो ठेवायचा नाही, अशी रीत. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून चपला काढल्या आणि पलीकडे गेलो.

ढोल वाजत पालखी अंगणात आली. मी कसाबसा वाकून नारळ ठेवला. गुरवाने विचारलं, "काय गाऱ्हाणा घालू?" मी विचारायला वहिनींकडे वळलो. तो म्हणाला, "ऱ्हवू दे. ह्या घरचा गाऱ्हाणा मला ठावा हाय. थोरला दरसाल ह्योच घालायला सांगायचा." आणि त्याने हात जोडून मोठ्याने म्हटलं, "बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या धाकल्याची पाठ दुकतेय, ती बरी कर रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

मी आळीदेखत ढसाढसा रडलो. वहिनी म्हणाल्या, "तुमचं कण्हणं गडग्यावरून ऐकू यायचं. मी म्हणायचे, जाऊन विचारा तरी. तर म्हणायचे, थोरल्याने कसं जायचं? स्वतःसाठी काही मागत नसत असं नाही हो, पण आधी तुमची पाठ."

पाठ त्या दिवशी बरी झाली असं मी सांगणार नाही. पण रोज संध्याकाळी मी वहिनींच्या पडवीत जाऊन बसू लागलो. दादाबद्दल बोलायचो, कधी त्याला चार शिव्या हासडायचो, कधी रडायचो. वहिनी दोन्ही ऐकून घेत. पावसाळा सरता सरता एका सकाळी लक्षात आलं, की मी भिंत न धरता उठलो आहे. देवाने काय केलं, डॉक्टरांचं कितपत खरं होतं, याचा वाद मी घालत नाही. इतकंच कळलं, की मी ज्याला माझा मान म्हणून घट्ट धरून बसलो होतो, तो देवापुढे ठेवून मोकळं व्हायचं होतं. ते मला जमलं, पण फार उशिरा. ज्याच्यासाठी जमायला हवं होतं, तो राहिला नाही.

पुढच्या शिमग्याला मी पालखीला खांदा दिला. गडग्याचे चिरे आम्ही आधीच काढून टाकले होते, म्हणून ती दोन्ही अंगणांत मिळून एकदाच बसली. गुरवाने विचारलं, "यंदा काय मागू?"

मी म्हटलं, "मागायचं काही नाही. फक्त दादाला कळव म्हणावं, धाकट्याची पाठ बरी आहे."