मेश्राम काकांची काचेची पट्टी

कॅनडात, रेजिनातल्या त्या जुन्या चर्चमध्ये शिरलं, की सगळे वर बघत. मेश्राम काका मात्र खाली, भिंतीच्या पायाकडे. नागपुरात बांधकाम खात्यात इंजिनियर म्हणून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आलेले. आमची रविवारची बुद्धवंदना त्याच चर्चच्या हॉलमध्ये व्हायची. ती आटोपली, की काका मला चर्च दाखवायला ओढून नेत.

"इंग्रज इथं आले अन् आपल्या गावचं चर्चच उचलून आणलं, बाप्पा!" ते कौतुकाने म्हणत. पूर्वेला वेदी, दक्षिणेला दार, उलट्या होडीसारखं लाकडी छत. "पण माती नाही ना आणता आली, पोरी. इथली माती आपल्या विदर्भासारखी. सुकली की भेगाळते, भिजली की फुगते."

त्या मातीने उत्तरेच्या भिंतीला तडा दिला होता. भिंत अजून हलत असेल, तर नवा पाया घालणं चर्चच्या उरल्यासुरल्या मोजक्या मंडळींना झेपणारं नव्हतं; चर्च विकावंच लागणार होतं. चर्चच्या समितीतल्या हेलनबाईंचं साठ वर्षांपूर्वी तिथेच लग्न लागलेलं. त्या कासावीस झाल्या. काकांनी तड्यावर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवली, खात्यात असताना लावायचे तशी. भिंत हलली तर काच तडकणार. वर्षभर टिकली तर चर्च वाचलं. काचेवर त्यांनी बारीक अक्षरांत मराठीत काही लिहिलं. तारीख असेल, म्हणून मी कधी वाचलं नाही.

दर रविवारी टॉर्च मारून काका ओरडत, "गुड न्यूज, हेलन! वॉल इज स्लीपिंग!"

अकराव्या महिन्यात, बर्फ वितळताना, काच तडकली. तिथे आम्ही दोघंच होतो.

"काका, नवी लावू या ना. कोणाला कळणार आहे?"

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "मले कळलं ना! उद्या भिंत कोणाच्या अंगावर आली म्हणजे?" मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला. डोळे पुसले, तुकडे काढून घेतले आणि स्वतः हेलनबाईंच्या हातात नेऊन दिले.

चर्च विकलं गेलं. हेलनबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. काकांना ते फार लागलं.

यंदाच्या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधीला हेलनबाई वॉकर ढकलत आल्या. त्यांनी रुमालातून काचेचे ते दोन तुकडे काढले.

"एव्हरीबडी वॉज काइंड टू मी. ओन्ली ही टोल्ड मी द ट्रुथ," त्या म्हणाल्या. "व्हॉट डिड ही राइट हिअर?"

मी तुकडे जुळवून वाचलं. तारीख होती, आणि खाली, 'हेलनबाईची भिंत'.

इंग्रजीत सांगताना मला रडू आवरेना. त्यांनी तुकडे परत घेतले आणि काकांच्या फोटोपुढे काठाला काठ लावून ठेवले.