न पाठवलेली पानं

पदवीनंतरची पहिली दोन वर्षं मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते, असं घरी सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या टेबलावर पुस्तकांची चळत होती, चार रंगांचे हायलायटर होते, भिंतीवर वेळापत्रक होतं. बाबा बँकेत, आई शाळेत. अभ्यास करणाऱ्या मुलीला आमच्याकडे कुणी पाण्याचं भांडंही उचलायला सांगत नसे. मी दिवसभर वाचायचे आणि ओळी रंगवायचे. एकेका पुस्तकात पांढरा कागद शोधावा लागेल इतक्या. दोन्ही वर्षी पूर्व परीक्षेतच बाहेर पडले.

दुसऱ्या निकालानंतर बाबांनी कुठूनतरी ठाण्यातली एक अभ्यासिका शोधली. खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मी पहिल्या दिवशी उशिरा पोचले तेव्हा मुलींच्या बाजूला एकच खुर्ची रिकामी होती. ती रिकामी का होती ते बसल्यावर कळलं. शेजारच्या मुलीच्या हातांना मासळीचा वास होता.

तिनेच हळू आवाजात सांगितलं, "लिंबू लावून धुतलेत. अर्ध्या तासात जातो वास. नाहीतर खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली की तिकडे जा."

मी गेले नाही. तेव्हा मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, हे आज सांगायला लाज वाटते.

ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील नव्हते. आई बाजारात मासळी विकायची आणि सकाळी तिच्या पाट्या बाजारात पोचवून, पहिली गर्दी सांभाळून मग ही अभ्यासिकेत यायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मुख्य परीक्षेपर्यंत आधी एकदा पोचलेली. तिच्याकडे पुस्तकं पाचच होती, त्यातली दोन दुसऱ्या कुणाचीतरी जुनी.

आठवडाभर तिने माझं ओळी रंगवणं पाहिलं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने माझं पुस्तक ओढून घेतलं, मिटलं आणि म्हणाली, "आता वाचलेलं सांग मला."

मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. त्याच धड्यावर मी सकाळपासून बसले होते.

त्या दिवसापासून मी अभ्यास करायला शिकले. तिची पद्धत साधी होती. आधी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका बघायच्या, मग पुस्तक उघडायचं. ते काय विचारतात हे कळल्याशिवाय काय वाचायचं ते कळत नाही, असं ती म्हणायची. एक धडा वाचून झाला की पुस्तक मिटून दुसरीला समजावून सांगायचा. ऐकणारी अडवणार, उलटसुलट विचारणार. नवं पुस्तक आणायचं नाही, जुनंच पुन्हा वाचायचं. दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवायचा आणि सोमवारी फक्त चुका बघायच्या. आम्ही जिन्यात उभ्या राहून एकमेकींना राज्यघटना सांगायचो. खालच्या झेरॉक्सवाल्याला निम्मी कलमं पाठ झाली असतील.

चुकांसाठी आमची एक वही होती. दोघींची मिळून एकच. पेपरात चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात लिहायचा, बरोबर उत्तर लिहायचं आणि चूक कशामुळे झाली तेही लिहायचं: माहीत नव्हतं, घाईत वाचलं की ठोकून दिलं. तिच्या चुका निळ्या शाईत, माझ्या काळ्या. एकीची चूक दुसरीने करायची नाही, असा तिचा आग्रह होता. वही आठवडाभर तिच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे असायची.

त्या वर्षी आम्ही दोघी पूर्व परीक्षा पास झालो. मुख्यची तयारी सुरू केली तेव्हा तिने मला सांगितलं की हा तिचा शेवटचा प्रयत्न. आईचे गुडघे गेले होते, दिवसभर पाटावर बसून राहणं तिला जमत नव्हतं. धाकटी बहीण शाळेत. कुणीतरी ती जागा धरायला हवी होती. आईने आणखी एक वर्ष दिलं होतं आणि तेही गुडघ्यांवर मलम चोळत.

मुख्य परीक्षेच्या आधीचा आठवडा वही माझ्याकडे होती. ठरलं असं होतं की परीक्षेच्या दोन दिवस आधी मी ती अभ्यासिकेत आणायची आणि शेवटची उजळणी दोघींनी एकत्र करायची. मी त्या आठवड्यात घरी तीन पेपर जास्तीचे सोडवले होते आणि त्यातल्या चुका वहीत शेवटी लिहिल्या होत्या. भेटायच्या आदल्या दिवशी फोनवर मी तिला ते सांगितलंही, जरा फुशारकीनेच. ती म्हणाली, "बरं झालं, घेऊन ये. मला तेवढे जमले नाहीत, आईला दवाखान्यात न्यायला लागलेलं."

सकाळी उठले आणि मला ठाण्याला जावंसं वाटेना. ती प्रश्न विचारेल, मला येणार नाहीत, मन खचेल, असं काहीतरी. मी तिला ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. तिने लगेच विचारलं, औषध घेतलंस का, आणि मग लिहिलं, वहीच्या पानांचे फोटो पाठव, म्हणजे झालं.

दुपारी जेवण झाल्यावर मी फोटो काढायला बसले. एकेक पान उलटत, सावली पडू नये म्हणून वही खिडकीपाशी धरत, सगळी जुनी पानं पाठवली. शेवटची बारा पानं राहिली. त्या तीन पेपरांची. तिथे माझा हात थांबला. माझ्या मनात तेव्हा नेमकं काय आलं ते मी अनेक वेळा स्वतःला वेगवेगळं सांगितलेलं आहे. दमले होते. पानं गिचमिड होती. तिचं ते वाचलेलं असणारच. पण खरं ते एकच आहे. मला वाटलं, जागा मोजक्या आहेत आणि तिला माझ्यापेक्षा जास्त येतं.

मी वही मिटली आणि लिहिलं, झालं गं, एवढंच.

तिने उत्तर पाठवलं, काळजी घे.

मुख्य परीक्षेत त्या बारा पानांमधले दोन प्रश्न जवळजवळ जसेच्या तसे आले. एक अर्थसंकल्पातल्या तुटींच्या प्रकारांवरचा आणि दुसरा कोकणातल्या नद्यांचा उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम लावायचा. मी दोन्ही न थांबता सोडवले. संध्याकाळी तिचा फोन आला. पेपर चांगला गेला होता, आवाजात उत्साह होता. मग म्हणाली, "नद्यांचा चुकला गो. जन्म खाडीवर गेला आणि नद्या चुकल्या." आणि हसली. मीही हसले.

निकाल लागला तेव्हा माझं नाव यादीत होतं, तळाकडे, पण होतं. तिचं नव्हतं. गुण जाहीर झाल्यावर तिने हिशोब केला. एका प्रश्नाने हुकलं होतं.

बाबा रडले. आईने सोसायटीत पेढे वाटले. माझ्या जुन्या शाळेने शाल दिली. त्या सगळ्यात तिचाही फोन आला आणि ती म्हणाली, आई बोलावतेय तुला जेवायला, नाही म्हणू नकोस. मी दोनदा काहीतरी कारण सांगितलं. तिसऱ्यांदा सांगता येईना.

त्यांचं घर खाडीपासून दोन गल्ल्या आत होतं. तिच्या आईने दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला, "बस गो पोरी," म्हणाली, आणि स्वतः पाय लांब करून भिंतीला टेकून बसली. सुरमईचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती, तळलेली कोलंबी होती. धाकटी बहीण मला ताई म्हणत मागे मागे फिरत होती, नोकरीत गाडी मिळते का, असं विचारत होती. माझी मैत्रीण वाढत होती. तिच्या आईने मला सांगितलं की हिने तुझं नाव यादीत आधी शोधलं, मग स्वतःचं. मी खाली बघून जेवत राहिले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. अजून वाढू का, असं तिने विचारलं तेव्हा मी हो म्हणाले, कारण तोंडात घास असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती आईच्या जागी बाजारात बसली. मी प्रशिक्षणाला गेले. परत आल्यावर माझी नेमणूक ठाण्यातच झाली, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात. फोन कमी होत गेले. कमी मीच केले. त्या काळात एका कार्यक्रमात मला नव्या मुलांना मार्गदर्शन करायला बोलावलं. प्रभावी अभ्यास कसा करावा, असा विषय फळ्यावर लिहिला होता. मी तासभर बोलले. पुस्तक मिटून सांगा, जुन्या प्रश्नपत्रिकांपासून सुरुवात करा, चुकांची वही ठेवा. मुलं उतरवून घेत होती. एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, ही पद्धत तुम्ही स्वतः शोधलीत?" मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. पुढचा प्रश्न घेतला.

त्या कार्यक्रमानंतर मला झोप लागेना. शेवटी एका शनिवारी सुट्टी असताना सकाळी अकराच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, मी बाजारात गेले. ती पाटावर बसून बोंबील साफ करत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिने बाजूचं उलटं क्रेट माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही.

"त्या दिवशी मी सगळी पानं पाठवली नव्हती," मी म्हणाले.

तिचा हात विळीवर तसाच चालत राहिला. "माहितीय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तीन पेपर जास्तीचे सोडवले, असं तूच बोललेलीस. त्यांच्या चुका फोटोत नव्हत्या."

मी विचारलं, मग मागितलं का नाहीस. तिने हातातला बोंबील पूर्ण साफ केला, पाण्यात टाकला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"वाटलं, तापात दमली असशील. पाठवशील थोड्या वेळाने. संध्याकाळपर्यंत फोन हातातच ठेवलेला मी."

मला ताप नव्हता, हेही मी सांगितलं. तेवढं तिला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यात झालेला बदल मी पाहिला, आणि हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, तेही स्वतःसाठीच.

एक बाई आली, भाव विचारून गेली. मग मैत्रीण शांतपणे म्हणाली, "मी पास झाले असते की नाय, ते कुणाला माहीत. ते मी तुझ्यावर घालत नाय. पण निकालानंतर तू आमच्याकडे जेवलीस. माझ्या आईच्या हातचं. तेव्हा तरी बोलायचं होतंस."

मी तिला म्हणाले की पुन्हा परीक्षा दे, मी सगळी मदत करते, वेळ देते, पुस्तकं आणते. तिने मान हलवली. "आता तू येऊ नकोस," ती म्हणाली, आणि पुढचा बोंबील हातात घेतला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला थांबून राहता आलं असतं.

मी पुन्हा तिच्याकडे गेले नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. सणावारी काही लिहिते आणि पुसते.

मागच्या वर्षी कल्याणच्या एका शाळेत परीक्षा केंद्रावर माझी पर्यवेक्षक म्हणून ड्युटी लागली. उमेदवार आत सोडायच्या वेळी मी फाटकापाशी उभी होते. रांगेत ती दिसली. परीक्षा तिची नव्हती, धाकट्या बहिणीची होती. बहीण आता उंच झाली होती, तिच्याच चेहऱ्याची. ती बहिणीच्या हातातलं प्रवेशपत्र तपासत होती, पेन दोन आहेत का बघत होती. मान वर केली तेव्हा आमची नजर मिळाली. तिने ओळख लपवली नाही. मान थोडी हलवली, बहिणीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं आणि मागे सरकली.

बहीण माझ्याच वर्गात आली. खिडकीकडच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. तिला काय सांगितलं गेलं होतं तेही मला माहीत नाही. मी प्रश्नपत्रिका तिच्या हातात दिली, तिने "थँक्यू मॅडम" म्हटलं आणि घंटा होईपर्यंत डोळे मिटून बसली. मी पूर्ण वेळ वर्गात फिरत होते, पण तिच्या बाकापाशी थांबायची हिंमत झाली नाही. खिडकीतून समोरच्या बंद दुकानाची पायरी दिसत होती. माझी मैत्रीण तिथे बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, उन्हात.

पेपर संपल्यावर मी उत्तरपत्रिका मोजल्या, पाकिटं सील केली, सह्या केल्या. बाहेर आले तेव्हा दोघी गेल्या होत्या.