भाऊजी पॉझिटिव्ह निघाले

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बस चालवतात. दारूचं सोडाच, खोकल्याच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं दिसलं तर ते खोकत बसतील, पण चमचाभर औषध घेणार नाहीत. याचा त्यांना गर्व आहे आणि तो ते मुळीच लपवत नाहीत.

अशा माणसाचे डोळे पिवळे झाले. तपासणीत यकृत बिघडल्याचं निघालं आणि डेपोने त्यांना स्टिअरिंगवरून उतरवून प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळायला बसवलं. यकृत म्हटलं की दारू, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं! ड्यूटीआधी रोज दारू तपासायच्या यंत्रात फुंकून भाऊजी कोरडे ठणठणीत निघत, त्याचं कुणाला काय? "घरी घेत असेल," म्हणून सगळे मोकळे. "पिणं सोडा, गाडी परत देतो," मॅनेजर म्हणाले. जे धरलंच नाही ते सोडायचं कसं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईनेसुद्धा एकदा गुपचूप त्यांचं कपाट धुंडाळलं. काही सापडलं नाही, तेव्हा स्वतःचीच लाज वाटून ओक्साबोक्शी रडली.

काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांतही काही निघेना. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तातल्या अँटिबॉडी बघू. शरीराची पहाऱ्यावरची फौज कधीकधी घरच्यांवरच उलटते. तसं असेल तर तिच्या खुणा रक्तात सापडतात."

रिपोर्टचा फोन आला तेव्हा भाऊजींचे दोन्ही हात छत्र्यांत. त्यांनी स्पीकर लावला. "पॉझिटिव्ह आलंय," लॅबवाली म्हणाली. डेपोत या शब्दाला एकच अर्थ: फुंकलं आणि पॉझिटिव्ह आलं, की ड्रायव्हरचा खेळ खलास. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. भाऊजी घरी आले ते खांदे पाडूनच.

"पॉझिटिव्ह निघालो गं मी," ते ताईला म्हणाले. "शपथ घेतो, कधी थेंबाला शिवलो नाही."

हसावं की रडावं मला कळेना. "अहो भाऊजी, ही फुंकायची तपासणी नव्हे! रक्तात त्या अँटिबॉडी सापडल्या, हेच तर शोधत होते ना!"

माझं ऐकतात कसले! शेवटी हाताला धरून दवाखान्यात नेलं. बाईंनी सुईने यकृताचा कणभर तुकडा काढून खात्री केली आणि स्पष्ट सांगितलं, "दारूचा काही संबंध नाही. शरीराची फौजच यकृतावर उलटलीय. याला औषध आहे." ताईने तिथेच त्यांचे हात धरून माफी मागितली. भाऊजींनी मान ताठ केली आणि दुसऱ्या दिवशी डेपोच्या खिडकीशी उभं राहून गर्जना केली, "होय, मी पॉझिटिव्ह आहे! कुणाला समजून घ्यायचं असेल तर या!"

गोळ्यांनी चेहरा भोपळ्यासारखा फुगला, चिडचिड वाढली. पण डोळ्यांचा पिवळेपणा गेला आणि रक्ताचे आकडे उतरत गेले. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, डेपोने गाडी दिली.

त्या सकाळी ताई आणि मी फाटकाशी उभ्या होतो. यंत्रवाला ओशाळून म्हणाला, "राहू द्या हो, तुम्हाला कशाला फुंकायला लावू?"

"कशाला म्हणजे? आणा इकडे!" भाऊजींनी सगळ्यांना दिसेल असं छाती भरून फुंकलं. मॅनेजरांनी पुढे येऊन हात मिळवला, "चुकलं माझं," म्हणाले.

डेपोच्या आवारात हॉर्न वाजवायला सक्त मनाई आहे. भाऊजी फाटकापर्यंत हॉर्न वाजवत गेले आणि एकानेही हरकत घेतली नाही.