बांधावरचा पाला

पाय मुरगळला की देवळाली प्रवरेच्या शिवारातली माणसं लंगडत छबूबाईच्या ओट्यावर येत. ऊसतोडीच्या हंगामात तर रांगच लागे. उन्हं वर यायच्या आत ती एकटीच बांधावर जायची, पदराखाली पाला झाकून आणायची आणि भिंतीकडे तोंड करून, पाण्याचा थेंबही न घालता, पाट्यावर वाटायची. त्यात चिमूटभर हळद. मग तव्यावर कोमट करून लेप, वरून एरंडाचं पान. चार दिवसांत गडी पुन्हा उसाच्या फडात. पाल्याचं नाव मात्र कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो, असं सासूनं बजावलेलं. हात थकले की घरातल्या एकाच बाईला द्यायचं. छबूबाई मुलखाची हट्टी, चाळीस वर्षं तिनं ते नाव ओठांवर येऊ दिलं नाही.

सून ज्ञानेश्वरी लग्न होऊन आल्यापासून विचारायची, "आत्या, मला तरी दावा की."

"हात थकू दे, मग सांगन."

यंदा हात थकले. वरवंटा उचलेना. रविवारी सुनेला बांधावर न्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

शुक्रवारी तिचा मुलगा रंगनाथ तणनाशकाचा पंप पाठीला अडकवून निघाला. जाता जाता म्हणाला, "आई, बांधावरचं काय ठिवायचं हाय का?"

ओट्यावर शेजारचा कानिफनाथ चहा पीत बसलेला. हा बाबा कित्येक वर्षं त्या पाल्याच्या मागावर. छबूबाई पटकन बोलून गेली, "काय न्हाई. निस्तं तन हाय. मार."

कानिफनाथ उठला की मागोमाग जाऊन लेकाला थांबवायचं, असा तिचा बेत. पण तो कसला उठतोय! कारखाना झाला, पाटाचं पाणी झालं, भाच्याची सोयरीक झाली. तो गेला तेव्हा रंगनाथ रिकामा पंप धूत होता.

आठ दिवसांत बांध पिवळा पडला. छबूबाईनं पाटाची कड पालथी घातली, दुसऱ्यांचे बांध धुंडाळले. सगळीकडे तेच औषध मारलेलं. आपल्याच तोंडानं आपण घात केला, असं तिला राहून राहून वाटे.

शेवटी तिनं सुनेला जवळ बसवलं आणि नाव सांगितलं. पान कसं, देठ कसा, चुरगळल्यावर वास कसा, सगळं सांगितलं.

ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "ते व्हय, आत्या? वावरातलं ते मीच दरसाल खुरपून फेकीत हुते. तन समजून."