पदराला धरलेले हात आणि मजुरीचा ठराव

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली उन्हाळ्यात, आणि दिवाळी झाली तशी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. तेव्हापासून दरवर्षी तेच. पावसाळ्यात ती माझी, पाऊस सरला की कारखान्याची. माझा नवरा आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावहून सेनगावला जीप चालवतो, म्हणून मी गावातच राहिले. धाकट्या दिराकडे जीप नव्हती, कोयता होता.

खुरपायला आम्ही दोघी शेजारीशेजारी बसायचो. श्रावणात हळद एवढी वाढते की तिच्यात बसलेली बाई बांधावरून दिसत नाही. आत नुसता हिरवा उजेड. त्या उजेडात ती हळू आवाजात बोलत राहायची, माझं खुरपं आपोआप चालायचं, आणि पुष्कळदा मला कळायचंच नाही की ही खरंच बोलते आहे की माझा डोळा लागला आहे. माझा फार जीव होता तिच्यावर. ती गेली की मला चार महिने घर खायला उठायचं.

असंच एकदा ती म्हणाली, "बाई, इथंच बराबर मजुरी भेटली असती तर मी काहून गेले असते? यंदा मुकादम आला ना, तर न्हाई म्हणावं वाटतंय. पण कशाच्या जिवावर म्हणू?"

मी तिच्या ओळीतलंही गवत काढायला लागले.

त्याच पावसाळ्यात आमच्या ग्रामपंचायतीनं एक गोष्ट मनावर घेतली. सरपंचबाई स्वतः खुरपायला जाणारी. शेतमजुरांचं किमान वेतन सरकारनं वाढवावं, या मागणीला आमच्या गावाचा पाठिंबा आहे, असा ठराव तिनं ग्रामसभेपुढे आणला. पंचायतीला मजुरी वाढवता येत नाही, एवढं मलाही कळत होतं. आमचंही हेच म्हणणं आहे, असं ती फक्त वर कळवू शकते. तरी त्या दिवशी मी जावेला ओढतच सभेला नेलं.

सभा मारुतीपुढे भरली. म्हातारी माणसं कट्ट्यावर, आम्ही खाली एका अंगाला. आमच्याकडे सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, आणि हल्लीचे पदर गुळगुळीत, ते ठरत नाहीत, म्हणून उजव्या हातानं कपाळापाशी धरून बसायचं. आम्ही सगळ्या तशाच बसलो होतो. ग्रामसेवक नवीन होते, शहरात वाढलेले. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," म्हणाले, आमच्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! महिला सगळ्या बाजूनं आहेत," असं म्हणत ते लिहायलाही लागले.

गावातला सगळ्यांत मोठा हळदवाला कट्ट्यावरून उठला. "साहेब, ते हात वर न्हाईत. पदराला हायेत. आमच्या सुना हायेत त्या."

सभा खो खो हसली. साहेबांचे कान लाल झाले. हळदवाला मात्र हसला नाही. "मजुरी वाढवा, माझी ना न्हाई. पण आमच्या हळदीच्या भावाचा ठराव कोण करून राहिलं?" म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. हिंगोलीच्या बाजारातून परत येताना त्याचं उतरलेलं तोंड मी जीपमध्ये पाहिलेलं आहे.

साहेबांनी पुन्हा हात वर करायला सांगितलं. आता पदर सोडल्याशिवाय हात वर जाणार नव्हता, आणि सोडला की तो सासऱ्यासमोर खांद्यावर येणार. एकही हात हलला नाही. मी जावेकडे पाहिलं. तिनं पदर दोन बोटांत गच्च धरला होता. तिचा सगळा हिवाळा त्या दोन बोटांत अडकला होता. मला असा संताप आला, की त्या पदराला काडी लावावी वाटली.

तेवढ्यात आमचा सासरा काठी टेकत उठला. "आमी मारुतीकडं तोंड करून बसतो," तो शांतपणे म्हणाला. "पोरींनो, तुमी तुमचं बघा."

आणि त्यानं आमच्याकडे पाठ केली. मग त्याच्या शेजारच्यानं केली. हळूहळू सगळा कट्टा वळला. हळदवाल्याची सूनही आमच्यातच बसली होती. शेवटी पुटपुटत तोही वळला. समोर नुसत्या पाठी, टोप्या आणि त्यांच्या पलीकडे शेंदरी मारुती. वारा पडला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्या शांततेत पदर एकेक करून खाली आले आणि हात वर गेले. पहिला माझ्या जावेचा होता. हळदवाल्याच्या सुनेचाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हळदवाल्याच्या बांधावर उभ्या राहिलो, आत कुणी उतरेना. "ठराव झाला," जाऊ म्हणाली. त्यानं कपाळाला हात लावला. अगं, तो आता हिंगोलीला जाईल, तिथून मुंबईला, मग सरकार बघेल, असं तो समजावू लागला.

"मारुतीपुढं झाला न्हवं? मग मुंबईला काहून इचारायचं?"

त्यानं हसू दाबत हळदीत माजलेल्या गवताकडे पाहिलं, आणि आम्ही मागितली तेवढी मजुरी कबूल केली. बाकीच्यांनीही कुरकुरत का होईना, दिली. सरकारचं उत्तर अजून यायचं आहे.

दसऱ्याला मुकादम आला. दीर घुटमळत होता. जावेनं दारातूनच सांगून टाकलं, "आमी न्हाई येणार." मी चुलीपाशी बसून रडले, धुराचं निमित्त करून.

पौषात हळद शिजवायला निघाली. पहाटे धुकं होतंच, त्यात कढईची वाफ मिसळली, आणि शेत, झाडं, माणसं सगळी पिवळसर वासात बुडून गेली. आम्ही दोघी कामाला निघालो होतो. जाऊ वाटेतच थांबली. मला वाटलं, काटा लागला. ती नुसती बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "थंडीत आपलं गाव असं दिसतंय व्हय?"